खाद्याच्या पोत्यातले औषध

जुलै २०१३. शांघायमधल्या एका मोठ्या वराहपालन केंद्रातून आलेला डुकराचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जात होता. काम नेहमीचेच होते. खाण्यासाठी वाढवलेल्या प्राण्यांच्या पोटातल्या जिवाणूंवर कोणती औषधे अजून चालतात आणि कोणती चालेनाशी झाली आहेत, याची चीनमध्ये नियमित पाहणी होत असे. नमुन्यातून ई. कोलाय जातीचा एक जिवाणू वेगळा काढला गेला. त्याला नाव मिळाले एसएचपी४५. तो कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद देत नव्हता.

असे जिवाणू पूर्वीही सापडले होते, त्यामुळे एवढ्यावर कोणी दचकले नसते. पण दक्षिण चीन कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढची पायरी तपासली. हा जिवाणू त्यांनी कोलिस्टिनने सहज मरणाऱ्या दुसऱ्या ई. कोलायच्या सान्निध्यात वाढवला. थोड्या वेळाने तो दुसरा जिवाणूही कोलिस्टिनला जुमानेना. म्हणजे मरण टाळण्याची युक्ती एकाकडून दुसऱ्याकडे गेली होती.

तोवर समजूत अशी होती की, कोलिस्टिनला दाद न देण्याची क्षमता जिवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रातल्या बदलातून येते. असा बदल झालेला जिवाणू तो गुण फार तर आपल्या वंशजांना देणार. शेजारच्या परक्या जिवाणूला तो देता येत नाही, म्हणून त्याचा फैलाव सावकाश होतो. एसएचपी४५ मध्ये मात्र हा गुण प्लाझ्मिडवर बसलेला होता. प्लाझ्मिड म्हणजे गुणसूत्रापासून सुटा असलेला, डीएनएचा छोटा गोल धागा. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की प्लाझ्मिडची एक प्रत दुसऱ्यात उतरते आणि मूळ प्रत पहिल्याकडेही राहते. शेजारणीने वाटीभर विरजण द्यावे, तिच्या घरचे दही त्याने कमी होऊ नये, आणि आठवड्याभरात आळीतल्या प्रत्येक घरात त्याच विरजणाचे दही लागावे, तसा हा प्रकार. देणारा आणि घेणारा एकाच जातीचे असले पाहिजेत असेही नाही. ई. कोलायकडून हे जनुक न्यूमोनिया करणाऱ्या क्लेबसिएलाकडेही जाऊ शकते, हे त्याच संशोधनात दिसले.

या जनुकाला एमसीआर-१ म्हणतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये संशोधकांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात आणखी तीन आकडे होते. कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये हे जनुक असलेला ई. कोलाय सापडला. कत्तलखान्यातल्या ८०४ प्राण्यांपैकी १६६ मध्ये तो होता. आणि रुग्णालयात दाखल असलेल्या १,३२२ माणसांपैकी १६ जणांत. प्राण्यांत पाचातल्या एकाकडे, मांसात सुमारे सातातल्या एकात आणि माणसांत शंभरातल्या जेमतेम एकाकडे. जनुक कुठे वाढले आणि तिथून कुठे निघाले, याचा अंदाज या उतरंडीवरूनच येत होता.

कोलिस्टिनसाठी एवढी धास्ती का, हे समजायला त्याचा इतिहास पाहावा लागतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जपानमधल्या शास्त्रज्ञांनी मातीत राहणाऱ्या एका जिवाणूपासून हे औषध मिळवले. ते प्रभावी होते, पण मूत्रपिंडांना आणि मज्जातंतूंना इजा करत असे. त्याहून सुरक्षित औषधे हाती आल्यावर १९७० नंतर डॉक्टरांनी ते जवळजवळ बाजूला ठेवले. पुढे रुग्णालयांतले जिवाणू एकेका औषधाला पचवत गेले. कार्बापेनेम गटातली, अगदी शेवटी वापरायची म्हणून राखलेली औषधेही फुकट जाऊ लागली, तेव्हा अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना हे जुने, त्रासदायक औषध पुन्हा कपाटातून काढावे लागले. रुग्णाची मूत्रपिंडे धोक्यात घालून त्याचा जीव वाचवायचा, असा तो सौदा होता. आणि ज्या काळात डॉक्टर हे औषध थेंबाथेंबाने वापरत होते, त्याच काळात ते डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात पोत्यांनी मिसळले जात होते. बहुतेक वेळा आजारासाठी नव्हे, तर वजन लवकर भरावे म्हणून.

ही सवय लागली अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर इथे लेडर्ले ही औषधकंपनी होती. आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते, आणि त्यांच्याच कारकिर्दीत बेंजामिन डगर यांनी ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन गटातले पहिले औषध शोधले. सुब्बाराव १९४८ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड हे तिथलेच संशोधक कोंबडीच्या पिल्लांसाठी स्वस्त पोषणद्रव्य शोधत होते. औषध काढून घेतल्यावर उरलेला चोथा त्यांनी काही पिल्लांच्या खाद्यात मिसळला. त्या पिल्लांचे वजन इतरांपेक्षा जास्त भरले. चोथ्यातल्या जीवनसत्त्वाचा हा परिणाम असेल असे आधी वाटले. पण जीवनसत्त्वाने होते त्याहून वाढ अधिक होती, आणि तिचे कारण चोथ्यात उरलेला औषधाचा अंश हे होते. १९५१ पर्यंत अमेरिकेत अशी औषधे पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय खाद्यात घालायला परवानगी मिळाली. खाद्यावरचा खर्च वाचला, शेडमध्ये जनावरांची गर्दी वाढवता आली, मांस स्वस्त झाले. युद्धानंतरच्या जगात या गोष्टीचे मोल मोठे होते, आणि त्या वेळी हा निर्णय घेणारी माणसे वाईट हेतूची नव्हती.

अडचण मात्रेत होती. आजारी जनावराला पुरेसे औषध ठरावीक दिवस दिले की बहुतेक जिवाणू मरतात आणि औषध थांबते. खाद्यातली मात्रा फार लहान, पण रोजची. तिने जिवाणूंची सगळी वस्ती संपत नाही. कमजोर मागे पडतात, औषध पचवणारे फोफावतात, आणि हजारो जनावरे रोज एकाच शेडमध्ये एकमेकांच्या विष्ठेत वावरत असल्याने तेच जिवाणू सगळ्यांच्या पोटात जाऊन बसतात.

हे जिवाणू शेडमध्येच राहतात का? हा प्रश्न बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातले स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७० च्या दशकात थेट शेतावर जाऊन तपासला. मॅसॅच्युसेट्समधल्या शेरबर्न गावातल्या एका शेतकरी कुटुंबाच्या गोठ्यात त्यांनी तीनशे कोंबड्या पाळल्या. अर्ध्यांना साधे खाद्य, अर्ध्यांना टेट्रासायक्लिन मिसळलेले. त्यांच्या गटाने कोंबड्यांच्या, घरातल्या माणसांच्या आणि शेजाऱ्यांच्या विष्ठेचे नमुने आठवड्याच्या आठवड्याला गोळा केले. औषध खाणाऱ्या कोंबड्यांच्या पोटातले जवळजवळ सगळे जिवाणू एका आठवड्यात टेट्रासायक्लिनला निर्ढावले. माणसांत बदल सावकाश आला, पण आला. पाचसहा महिन्यांत शेतावरच्या माणसांच्या ३१.३ टक्के नमुन्यांत बहुसंख्य जिवाणू हे औषध पचवणारे निघाले. शेजाऱ्यांच्या नमुन्यांत हेच प्रमाण ६.८ टक्के होते.

त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद वेगळीच आहे. कोंबड्यांना दिले होते एकच औषध. काही आठवड्यांनी त्यांच्यातले जिवाणू मात्र इतर प्रतिजैविकांनाही दाद देईनासे झाले, जी औषधे त्या शेतावर कोणी वापरलीच नव्हती. कारण प्लाझ्मिडवर एकाच जनुकाला जागा असते असे नाही. चारपाच औषधांविरुद्धची जनुके एकामागोमाग एक तिथे बसलेली असतात. त्यातल्या एका औषधाचा मारा झाला की ज्याच्याकडे तो धागा आहे तोच जगतो, आणि उरलेली जनुके आपोआप त्याच्याबरोबर टिकतात.

लेव्ही यांचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन खाद्यातून काढण्याचा प्रस्ताव मांडला. तो काँग्रेसमध्ये अडला. माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली औषधे वजनवाढीसाठी वापरणे तिथे थांबले ते १ जानेवारी २०१७ ला. मध्ये चाळीस वर्षे गेली.

त्या चाळीस वर्षांत शंका घेणाऱ्यांचा मुद्दा एकच असे. माणसेही तीच औषधे घेतात, मग रुग्णालयातला निर्ढावलेला जिवाणू शेतावरून आला हे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर पूर्व जर्मनीत, कोणी न ठरवता मिळाले. १९८३ पासून तिथे डुकरांच्या खाद्यात नूर्सिओथ्रिसिन नावाचे प्रतिजैविक घातले जाऊ लागले. माणसांच्या उपचारात हे औषध कधीच नव्हते, त्याच्या जवळपासचे दुसरेही नव्हते. वेर्निगेरोडे शहरातल्या संस्थेचे शास्त्रज्ञ जिवाणूंवर लक्ष ठेवून होते. दोनच वर्षांत डुकरांतल्या ई. कोलायमध्ये या औषधाविरुद्धचे जनुक दिसू लागले. त्यानंतर ते डुकरे सांभाळणाऱ्या कामगारांत सापडले, मग त्यांच्या घरच्यांत, मग डुकरांशी काही संबंध नसलेल्या शहरवासीयांत, आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या रुग्णांतही. शेवटी ते अतिसार करणाऱ्या शिगेला या जिवाणूत आढळले. शिगेला डुकरांत राहत नाही, त्याचे घर म्हणजे माणसाचे आतडे. जनुकाने डुकरापासून माणसापर्यंतची वाट पुरी केली होती, आणि डॉक्टरची चिठ्ठी त्या वाटेवर कुठेच नव्हती.

या वाटा बऱ्याच आहेत. कोंबडी सोलताना, आतडी काढताना आतला अंश मांसाला लागतो. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय तिथून स्वयंपाकघरात येतात. रस्सा नीट उकळला की ते मरतात, त्यामुळे शिजलेल्या कोंबडीची भीती बाळगायचे कारण नाही. धोका असतो तो कच्चे मांस कापलेल्या पाटावर आणि सुरीवर. त्याच पाटावर, नुसत्या पाण्याखाली धरलेल्या त्याच सुरीने पुढच्या पाच मिनिटांत कांदा आणि कोथिंबीर चिरली जाते आणि कच्चीच ताटात येते. दुसरी वाट खताची. कोंबडीखताला महाराष्ट्रातल्या भाजीच्या आणि उसाच्या शेतात मागणी असते. ते न कुजवता टाकले तर त्यातले जिवाणू मातीत आणि पाण्यात उतरतात. तिसरी वाट शेडमध्ये काम करणाऱ्याच्या हातांवरून त्याच्या घरात जाते. मांस न खाणारी माणसे यातल्या पहिल्या वाटेपासून थोडी दूर आहेत. बाकीच्या दोन त्यांनाही लागू आहेत.

अन्नातून आलेला संसर्ग औषधाला जुमानत नाही, हे प्रत्यक्ष आजारात कसे दिसते? कॅम्पिलोबॅक्टर हे जुलाबाचे जगभरातले एक प्रमुख कारण, आणि कोंबडी हे त्याचे आवडते ठिकाण. सिप्रोफ्लोक्सासिन या प्रतिजैविकाच्या गटाला फ्लुओरोक्विनोलोन म्हणतात. त्यातली औषधे अमेरिकेत १९९५ आणि ९६ मध्ये कोंबड्यांसाठी मंजूर झाली. ती आजारासाठीच होती, पण दहावीस हजार पक्ष्यांत एकेकाला पकडून औषध देता येत नाही. ते पिण्याच्या पाण्यात सोडले जाते आणि आजारी पक्ष्याबरोबर धडधाकट पक्षीही ते पितो. मिनेसोटा राज्यात रुग्णांमध्ये सापडलेल्या कॅम्पिलोबॅक्टरपैकी या गटाला दाद न देणारे १९९२ मध्ये १.३ टक्के होते. १९९८ मध्ये ते १०.२ टक्के झाले. त्यातले बरेच रुग्ण परदेश प्रवासाहून आलेले होते, पण दुकानातल्या कोंबडीतही तसलेच जिवाणू मिळाले. दीर्घ कायदेशीर लढाईनंतर सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकेने कोंबड्यांसाठी या गटाचा वापर बंद केला. ऑस्ट्रेलियाने ही औषधे खाद्यप्राण्यांसाठी कधी मंजूरच केली नव्हती, आणि तिथल्या कॅम्पिलोबॅक्टरवर ती वर्षानुवर्षे चालत राहिली.

डेन्मार्कची गोष्ट याहून उद्बोधक आहे. व्हँकोमायसिन हे रुग्णालयातले मोलाचे औषध. त्याचा जवळचा भाऊबंद अ‍ॅव्होपार्सिन खाद्यात घातला जाई. १९९४ या एका वर्षात डेन्मार्कमध्ये माणसांच्या उपचारासाठी २४ किलो व्हँकोमायसिन लागले. जनावरांच्या खाद्यात गेले २४,००० किलो अ‍ॅव्होपार्सिन. १९९५ मध्ये देशाने ते बंद केले. त्या वर्षी ब्रॉयलर कोंबड्यांतल्या एन्टेरोकॉकस फीसियम या जिवाणूचे ७२.७ टक्के नमुने व्हँकोमायसिनला जुमानत नव्हते. २००० मध्ये हे प्रमाण ५.८ टक्क्यांवर आले.

डुकरांत मात्र आकडा हलेना. बंदी तीच, देश तोच, तरी प्रतिकार कायम. शोध घेतल्यावर कळले की डुकरांतल्या जिवाणूंमध्ये व्हँकोमायसिनविरुद्धचे जनुक आणि टायलोसिन या दुसऱ्या औषधाविरुद्धचे जनुक एकाच प्लाझ्मिडवर होते. डुकरांच्या खाद्यात टायलोसिन चालूच होते, म्हणून दोन्ही जनुके टिकून होती. १९९८ मध्ये टायलोसिनचा वजनवाढीसाठीचा वापर थांबला, आणि मग डुकरांतही प्रमाण उतरले. लेव्ही यांच्या कोंबड्यांनी वीस वर्षांपूर्वी जे दाखवले होते, तेच इथे एका देशाच्या पातळीवर सिद्ध झाले. एखादे औषध बंद करून भागत नाही, आजूबाजूच्या औषधांचाही हिशेब घ्यावा लागतो.

डेन्मार्कने असा हिशेब १९९५ पासूनच मांडायला घेतला. प्राण्यांना कोणते औषध किती दिले आणि जनावरांत, मांसात, माणसांत कोणते जिवाणू निघाले, याचा अहवाल तिथे दरवर्षी जाहीर होतो. औषध लिहून देणाऱ्या पशुवैद्याला त्याच औषधाच्या विक्रीतून मोठा नफा मिळणार नाही, असा नियमही त्याच सुमारास झाला. पुढे १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघाने वजनवाढीसाठी प्रतिजैविके बंद केली.

आता पुन्हा एमसीआर-१ कडे. चीनमधली बातमी आल्यावर देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी शीतपेटीत जपलेले जुने जिवाणू बाहेर काढून तपासले. डेन्मार्कमध्ये २०१२ ते २०१४ या काळात आयात केलेल्या कोंबडीच्या मांसात हे जनुक निघाले, आणि रक्तात संसर्ग झालेल्या एका रुग्णातही. मे २०१६ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्ण महिलेत ते सापडल्याचे जाहीर झाले. चीनमधल्या कोंबड्यांच्या जुन्या संग्रहात तर १९८० च्या दशकातले नमुने मिळाले. जनुक तेव्हापासून तुरळक होते, २००९ नंतर भराभर वाढले.

चीनने ३० एप्रिल २०१७ पासून कोलिस्टिनचा वजनवाढीसाठीचा वापर थांबवला. २०१५ मध्ये खाद्यात मिसळायच्या कोलिस्टिन मिश्रणाचे उत्पादन २७,१७० टन होते, २०१८ मध्ये ते २,४९७ टनांवर आले. देशातल्या अनेक प्रांतांतल्या डुकरांमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारा ई. कोलाय २०१५-१६ मध्ये ३४ टक्के होता, तो २०१७-१८ मध्ये ५.१ टक्के झाला. तपासलेल्या माणसांत एमसीआर-१ पोटात बाळगणाऱ्यांचे प्रमाण २०१६ मध्ये १४.३ टक्के होते, २०१९ मध्ये ते ६.३ टक्के झाले. डुकरांचे खाद्य बदलले आणि तीन वर्षांच्या आत माणसांच्या आतड्यातले जिवाणू बदलले.

भारतातही हे औषध पोल्ट्रीच्या खाद्यपूरकांत सर्रास मिळत असे. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली अधिसूचना काढून खाद्यप्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती आणि पशुखाद्यपूरके यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केले. हा निर्णय खरोखर मोलाचा आहे. पण डेन्मार्कच्या डुकरांनी शिकवलेला धडा इथेही लागू पडतो, कारण कोलिस्टिन हे अनेकांतले एक औषध होते. दिल्लीतल्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये राजधानी परिसरातल्या कोंबडीचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश निघाले. पंजाबमधल्या १८ पोल्ट्री फार्मवरच्या अभ्यासात, प्रगत पेनिसिलिनसदृश औषधे निकामी करणारा ई. कोलाय ब्रॉयलरमध्ये ८७ टक्के आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांत ४२ टक्के आढळला. त्यामागचे एक कारण उघड आहे. ब्रॉयलर पाचसहा आठवड्यांत विकायचा असतो, त्या घाईत औषधाचा आधार अधिक घेतला जातो.

कराराने कोंबड्या वाढवणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या बाजूनेही हे पाहायला हवे. त्याला पिल्ले, खाद्य, औषधे सगळे बाहेरून येते. बॅचमध्ये मरतूक वाढली तर नुकसान त्याच्या अंगावर येते. पावसाळ्यात तूस ओले झाले, शेडमध्ये अमोनियाचा वास भरला, पक्षी मान टाकू लागले की पाण्यात पुडी टाकणे हाच त्याच्या हातातला सर्वांत जलद उपाय असतो. गोठ्यातही तेच. गाईची कास सुजली, दगडी झाली की सडात औषध सोडले जाते. त्यानंतर ठरावीक दिवस त्या गाईचे दूध केंद्रावर घालायचे नसते, पण त्या दिवसांचे पैसे कोणी देत नाही. असे दूध इतर दुधात मिसळले की त्यातल्या औषधाने विरजणाचे जिवाणू मरतात आणि दही नीट लागत नाही, हा अनुभव डेअरीवाल्यांना नवा नाही.

म्हणून उपाय औषधाच्या पुडीच्या आधी सुरू व्हायला हवेत. नॉर्वेच्या सॅल्मन मत्स्यशेतीत १९८७ मध्ये सुमारे ४८ टन प्रतिजैविके वापरली गेली होती. माशांना लस टोचायला सुरुवात झाली आणि पुढे उत्पादन अनेक पटींनी वाढूनही वापर दरवर्षी एका टनाच्या आत आला. कोंबड्यांसाठी लसीकरणाचे वेळापत्रक, कोरडे तूस, खेळती हवा, दोन बॅचमध्ये शेड रिकामे ठेवण्याचे दिवस आणि कमी गर्दी, गाईंसाठी धार काढण्यापूर्वी आणि नंतर सड निर्जंतुक करणे, या गोष्टींनी औषधाची गरजच कमी होते. त्यांना पैसे लागतात आणि ते एकट्या शेतकऱ्याने घालावेत ही अपेक्षा अन्यायाची आहे. पिल्ले आणि खाद्य पुरवणाऱ्या कंपन्यांनी त्यात वाटा उचलावा. औषध दिल्यावर दूध रोखणाऱ्या शेतकऱ्याला दूध संघांनी त्या दिवसांचा मोबदला द्यावा. पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक मिळू नये आणि तालुक्याच्या गावी ती चिठ्ठी देणारा पशुवैद्य वेळेवर मिळावा. आणि डेन्मार्कमध्ये तीस वर्षे होत आले आहे ते इथेही व्हावे. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या प्राण्याला, कोणते प्रतिजैविक किती किलो दिले गेले, याचे आकडे दरवर्षी लोकांसमोर यावेत, म्हणजे कोलिस्टिनच्या बंदीनंतर कोंबड्यांच्या आणि माणसांच्या पोटात नेमके काय बदलले, हे चीनइतक्याच खात्रीने नाशिक-पुण्यातही सांगता येईल.